गरमरीचं मूळ

मुंबईत मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती घरांत लोणच्याच्या बरणीतून गरमर निघते: लिंबू-मोहरीत मुरलेली करकरीत मुळं. जगभरच्या प्रयोगशाळांत लागणारं फोर्सकोलिन हे रसायन या मुळांतलंच, आणि त्याचा शोध लागला तोही मुलुंडमध्ये.

फोर्सकोलिन हे नाव मात्र दुरून आलं. लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कोल १७६३ मध्ये येमेनमध्ये वनस्पती गोळा करताना हिवतापाने गेला. गरमरीच्या ‘कोलियस फोर्स्कोली’ या शास्त्रीय नावात तो उरला, आणि तिथून रेणूच्या नावात आला.

१९७०च्या दशकात मुलुंडमध्ये हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात नोएल डिसूझा आणि त्यांचे सहकारी देशी वनस्पती तपासत होते. गरमरीच्या मुळांच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब उतरला. अर्कातल्या गुणकारी रेणूची रचना सुजाता भट, डिसूझा आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने वेगळा केलेला ‘कोलिओनॉल’ही पुढे हाच रेणू ठरला. नाव रुळलं ते मुलुंडचं.

१९८१ मध्ये अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी दाखवलं, की फोर्सकोलिन पेशीतल्या एका विकराला थेट जागं करतं आणि ‘सायक्लिक एएमपी’ हा निरोप्या रेणू वाढतो. या निरोप्यामुळेच फोर्सकोलिनचं मज्जारज्जूच्या इजेशी नातं जुळलं. कोवळ्या चेतापेशींत हा निरोप्या भरपूर असतो, वयासोबत तो घटतो आणि तुटलेले तंतू पुन्हा वाढण्याची ताकदही ओसरते, हे न्यूयॉर्कच्या मेरी फिल्बिन यांच्या गटाने दाखवलं. २००४ मध्ये मियामीच्या संशोधकांनी चेतातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या ‘श्वान’ पेशींच्या रोपणासोबत उंदरांच्या मज्जारज्जूत हा निरोप्या टिकवून धरला, तेव्हा तंतू वाढले आणि उंदरांची चालही सुधारली. अशा श्वान पेशी ताटलीत वाढवताना फोर्सकोलिन घालतात.

लोकलमधून पडून पाठीचा कणा मोडलेल्या एखाद्या तरुणाच्या घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: मज्जारज्जूच्या इजेवर फोर्सकोलिन हे सिद्ध झालेलं औषध नाही. वजन उतरवायला म्हणून विकल्या जाणाऱ्या त्याच्या गोळ्यांनी पाय हलणार नाहीत, आणि लोणच्यानेही नाही. तंतू वाढायला पेशीत काय लागतं, हे ओळखायला मात्र या मुळाने हातभार लावला. पुढे खरा उपचार निघाला, तर त्याच्या वंशावळीत गरमरीचं आणि मुलुंडचं नाव लिहिलेलं असावं.