गार्बेज पेल किड्स

अमेरिकेतील टॉप्स कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेली स्टिकर-कार्डांची विनोदी मालिका. शेंबूड गळणारी, ओकणारी, कुजणारी, फुटणारी गोबरी मुले हा तिचा एकमेव विषय. पाच कार्डे आणि बबलगमची एक पट्टी असलेले पाकीट २५ सेंटला मिळे. आठ ते बारा वर्षांची मुले ती जमवत, मधल्या सुट्टीत अदलाबदल करत आणि दप्तरावर चिकटवत. १९८८ पर्यंत अमेरिकेत पंधरा संच निघाले. सोळाव्याची तयारी झाली होती, पण तो त्या वेळी विक्रीला आला नाही.

पूर्वपीठिका : न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील टॉप्सची मुख्य ओळख बेसबॉल खेळाडूंची कार्डे आणि बझूका बबलगम ही होती. मात्र १९६२ मध्ये तिने ‘मार्स अटॅक्स’ हा ५५ कार्डांचा संच काढला. त्यातील मंगळवासीयांच्या हल्ल्याची रक्तबंबाळ चित्रे नॉर्मन सॉन्डर्स यांनी रंगवली होती. १९६७ पासून आलेल्या ‘वॅकी पॅकेजेस’मध्ये घरोघरी वापरल्या जाणाऱ्या साबण, बिस्किटे, टूथपेस्ट यांच्या वेष्टनांची टर उडवलेली असे. गार्बेज पेल किड्सचा उगम याच मालिकेत आहे. ‘वॅकी पॅकेजेस’साठी रंगवलेले ‘गार्बेज पेल किड्स’ नावाचे एक चित्र छापायचे राहून गेले आणि त्याचा विस्तार करून स्वतंत्र संच करायचे ठरले.

विडंबनाचा विषय होत्या ‘कॅबेज पॅच किड्स’ या बाहुल्या. जॉर्जिया राज्यातील क्लीव्हलंड गावचे झेवियर रॉबर्ट्स यांच्या नावावर त्या प्रसिद्ध झाल्या. कोलेको कंपनीने त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले आणि १९८३ च्या नाताळात त्या मिळवण्यासाठी दुकानांत झुंबड उडून हाणामाऱ्या झाल्या. प्रत्येक बाहुलीला स्वतःचे नाव असे आणि तिच्यासोबत ‘दत्तकपत्र’ मिळे. (केंटकीच्या लोककलावंत मार्था नेल्सन टॉमस यांनी या बाहुल्या आपल्या कामावर बेतलेल्या असल्याचा दावा केला होता. तो वाद न्यायालयाबाहेर मिटला.)

चित्रे : मालिकेचे खरे मोल येथे आहे. कल्पनेचे श्रेय सहसा व्यंगचित्रकार आर्ट स्पीगलमन आणि मार्क न्यूगार्डन यांना दिले जाते. टॉप्सचे लेन ब्राउन यांचाही संपादनात मोठा वाटा होता. पहिल्या संचातील सर्व ४१ चित्रे मात्र एकट्या चित्रकार जॉन पाउंड यांची आहेत. कार्डाच्या दुप्पट, म्हणजे साधारण ५ × ७ इंच आकारात ते ॲक्रिलिक रंगांत काम करत. त्यांची रीत अशी : गालाची गोलाई, बोटांवरच्या वळ्या, डोळ्यांतली चमक हे सारे बालचित्राच्या शिस्तीने रंगवायचे आणि त्या गोडव्याच्या मधोमध किळस आणून ठेवायची. पार्श्वभूमी साधी, प्रकाश स्वच्छ, आकृती मध्यभागी. त्यामुळे अडीच इंच रुंदीच्या कार्डावरही विनोद एका नजरेत पोचतो. हास्य आणि बीभत्स हे रस एकाच आकृतीत इतक्या काटेकोरपणे मिसळणारी मुलांसाठीची छापील चित्रे विरळाच.

आठव्या क्रमांकाचे ‘ॲडम बॉम्ब’ हे चित्र मालिकेची ओळख बनले. टाय लावलेला एक मुलगा आनंदाने बटण दाबतो आहे आणि त्याच्याच डोक्यातून अणुस्फोटाचा ढग उसळतो आहे. शीतयुद्धाच्या शेवटच्या पर्वात वाढलेल्या पिढीसाठी ते नुसते वात्रट चित्र नव्हते. त्या काळावरील उत्तम व्यंगचित्रांत त्याची गणना व्हायला हवी.

पुढील संचांत टॉम बंक, जेम्स वॉरहोला (अँडी वॉरहॉल यांचे पुतणे) आणि ‘बिजू फनीज’ या भूमिगत कॉमिकचे जे लिंच हे चित्रकार आले. मूळचे जर्मन असलेल्या बंक यांची चित्रे तपशिलांनी गच्च भरलेली असतात. पाउंड यांच्या मोकळ्या मांडणीशेजारी ठेवल्यावर ती चटकन वेगळी ओळखू येतात. कार्डावर चित्रकाराचे नाव छापले जात नसे. त्यामुळे ज्या हातांची कामे लाखो मुलांनी जपली, ते हात दीर्घकाळ अनामिक राहिले, हा मोठा अन्याय होय. ही मालिका निघत असतानाच स्पीगलमन ‘माउस’ ही चित्रकादंबरी रचत होते. तिचा पहिला खंड १९८६ मध्ये आला आणि १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

नावे : प्रत्येक चित्र दोन नावांनी छापले जाई आणि क्रमांकापुढे ‘ए’ किंवा ‘बी’ असे. ‘ॲडम बॉम्ब’चा जोडीदार ‘ब्लास्टेड बिली’, तर पहिल्या क्रमांकाच्या ‘नॅस्टी निक’चा ‘ईव्हिल एडी’. त्यामुळे ४१ चित्रांची ८२ कार्डे झाली. आपले किंवा वर्गमित्राचे नाव सापडण्याची शक्यता वाढली आणि संच पुरा करण्याचा खर्चही. मागील बाजूस थट्टेची प्रमाणपत्रे आणि परवाने असत. काही कार्डे जोडून एक मोठे चित्र तयार होई.

खटला : बाहुल्यांचे हक्क असलेल्या ओरिजिनल ॲपलाचियन आर्टवर्क्स या कंपनीने टॉप्सवर स्वामित्वहक्क आणि व्यापारचिन्ह यांच्या भंगाचा दावा लावला. जॉर्जियातील संघीय जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये टॉप्सविरुद्ध अंतरिम मनाई दिली. हे विडंबन असल्याने ‘न्याय्य वापर’ (परवानगीविना मर्यादित उपयोगाची कायदेशीर मुभा) ठरते, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. नफ्याचा हेतू त्यात निर्णायक ठरला. पुढे तडजोड झाली. टॉप्सने नावाच्या पट्टीची रचना बदलली आणि मुलांचे रूप कापडी बाहुलीपासून दूर नेले. नंतरच्या संचांतील आकृत्या टणक, प्लॅस्टिकसारख्या दिसतात त्या यामुळे, आणि पाउंड यांच्या मूळ रेखाटनातला मऊपणा त्यांत उरला नाही. केवळ व्यापारी हेतूमुळे विडंबन न्याय्य वापराबाहेर जात नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘कॅम्पबेल विरुद्ध अकफ-रोझ’ या संगीतविषयक खटल्यात स्पष्ट केले. तोवर गार्बेज पेल किड्सचा पहिला बहर संपला होता.

विरोध : अनेक शाळांनी कार्डांवर बंदी घातली. मेक्सिकोच्या शुल्कविषयक कायद्यात, बालपण हीन वा हास्यास्पद रीतीने दाखवणाऱ्या आणि हिंसेला किंवा आत्मनाशाला चिथावणी देणाऱ्या चित्रांची आयात निषिद्ध मानताना उदाहरण म्हणून याच मालिकेचे नाव घातले गेले.

चित्रपट व दूरचित्रवाणी : या कार्डांवर बेतलेला, रॉड अमाटो दिग्दर्शित चित्रपट १९८७ मध्ये आला. सीबीएस वाहिनीने त्याच वर्षीची कार्टून मालिका अमेरिकेत दाखवण्याआधीच मागे घेतली.

अन्य देश : फ्रान्समध्ये ‘ले क्रादो’, इटलीत ‘स्गोर्बिऑन्स’, स्पेनमध्ये ‘ला पांदिया बासुरा’ या नावांनी ती निघाली.

पुनरुज्जीवन : २००३ पासून टॉप्सने नवे संच काढले. पहिल्या पाच संचांतील २०६ चित्रांचे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला स्पीगलमन यांची प्रस्तावना आणि पाउंड यांचा समारोपाचा लेख आहे. २०२२ मध्ये टॉप्सचा कार्डांचा व्यवसाय फॅनॅटिक्स कंपनीकडे गेला.