कमी बोलणाऱ्याची बाजू

अप्रेझलच्या कागदावर एक शेरा वर्षानुवर्षे ठरलेला असतो: ‘काम उत्तम, पण मीटिंगमध्ये पुढे येऊन बोलत नाही.’ त्या ‘पण’वर कित्येकांची बढती अडते. शेरा मारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांचा सिद्धान्त चुकीचा असतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो पोकळ नाही. बोलणाऱ्याची बोरे विकतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जे बोललेच गेले नाही त्याचे मोल साहेबाने करावे तरी कसे? शिवाय शास्त्राचाही आधार आहे. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाच प्रमुख स्वभावगुणांपैकी बहिर्मुखतेचाच नेतृत्वाशी सर्वांत ठळक संबंध दिसला. आणि संकटात तर सगळे खणखणीत आवाजाकडेच पाहतात, असेही म्हणतात.

आता त्याच अभ्यासातले पुढचे आकडे पाहा. नेता म्हणून पुढे येण्याशी बहिर्मुखतेचा सहसंबंध ०.३३, नेता म्हणून परिणामकारक ठरण्याशी ०.२४. बोलका माणूस नेता वाटतो अधिक, ठरतो त्याहून कमी. बोलक्यांना निवडायचे आणि त्याच निवडीला बोलकेपणाच्या गुणाचा पुरावा म्हणून पुढे करायचे, याला आपले नैयायिक अन्योन्याश्रय दोष म्हणतील. अनिता वुली यांच्या गटाने २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेला अभ्यासही पाहावा. ६९९ जणांना दोन ते पाचच्या गटांत बसवून कामे दिली. जिथे मोजक्यांनीच बोलण्याचा ताबा घेतला, ते गट मागे पडले. ‘पुढे येऊन बोला’ हा सल्ला मग नेमका कोणाच्या हिताचा?

राहिली बोरे. बाजारातले गिऱ्हाईक वाटसरू असते, म्हणून हाळी लागते. कार्यालयात तेच गिऱ्हाईक रोज येते, आणि कालची बोरे चाखून येते. तिथे हाळी किती दिवस पुरणार?

‘न बोललेल्याचे मोल कसे करणार?’ या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात कोणीही देईल. तिथला निर्णय सभागृहातल्या आवाजापेक्षा नस्तीवरच्या टिपणीत आकार घेतो. सहायक कक्ष अधिकारी ती मांडतो. ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी चढत सचिवांपर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत जाते. कोणता जुना शासन निर्णय जोडायचा, कोणते पर्याय ठेवायचे, वित्तीय भार कुठे दाखवायचा, हे खालच्या टेबलावरचा माणूस ठरवतो. वरच्या सह्या बहुधा त्याने आखलेल्या वाटेनेच जातात. (टिपणीची ही सत्ता वाईट हेतूनेही वापरली जाते, ती सत्ता आहे याचाच तो पुरावा.) त्या माणसाचा आवाज कसा आहे, हे कोणी विचारते का? अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. तेव्हापासून तिथे आधी सगळे गप्प बसून लेखी टिपण वाचतात, चर्चा नंतर. तो व्यवहार आहे, अंतर्मुखांवरची दया नव्हे.

आणि संकट? डिसेंबर २०२०, अॅडलेड. भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. विराट कोहली ठरल्याप्रमाणे मायदेशी परतला आणि संघ डोंबिवलीत वाढलेल्या, मितभाषी अजिंक्य रहाणेकडे आला. मेलबर्नला त्याने ११२ केल्या. जडेजाबरोबरच्या गोंधळात धावबाद झाल्यावर चिडण्याऐवजी त्यालाच धीर देऊन तो तंबूत परतला. पुढे जायबंदी खेळाडूंची रांग लागली. तरी १९ जानेवारी २०२१ रोजी संघाने, ऑस्ट्रेलिया १९८८ पासून जिथे कसोटी हरली नव्हती त्या ब्रिस्बेनला, सामना जिंकला आणि मालिका २-१ अशी खिशात घातली. या मालिकेत गर्जना कमी पडली, असे कोण म्हणेल?

एक मान्य करतो. मत असूनही जो ते लिहीत नाही, बैठकीआधी कोणाला सांगत नाही आणि नंतर ‘मला वाटलेच होते’ म्हणतो, त्याची वकिली मी करत नाही. पण तो दोष जबाबदारी टाळण्याचा आहे, कमी बोलण्याचा नव्हे. बोलक्यांतही तो मुबलक आढळतो.

तेव्हा मूल्यमापन करणाऱ्यांना विनंती एवढीच: यंदा तो शेरा लिहिण्यापूर्वी गेल्या वर्षातले पाच मोठे निर्णय काढा, आणि ते कोणाच्या टिपणावर, कोणाच्या सल्ल्याने झाले ते तपासा. मग ‘पण’ ठेवायचा की खोडायचा, तुम्हीच ठरवा.