ॲम्प्लिफायर, मिस्त्री आणि अनुमान

घाटंजीसारख्या गावाचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण कापूस, बाजार, रस्ते आणि निवडणुका यांच्याकडे वळतो. घरात गाणं कसं आलं, आणि ते बंद पडल्यावर पुन्हा सुरू कोणी केलं, हे विचारायचं राहून जातं. आज आपण तेच विचारू. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ॲम्प्लिफायरशी काय देणंघेणं, असं कोणी म्हणेल. पण बंद पडलेला डबा उघडून मिस्त्री जे करतो त्याला न्यायशास्त्रात अनुमान म्हणतात, आणि तो आमचा जन्माचा विषय.

रेकॉर्डवरच्या सुईकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो की त्याने स्पीकर हलत नाही. तो मोठा करायची युक्ती ली द फॉरेस्ट यांच्या १९०६च्या व्हॉल्व्हपासून सुरू होते. आपल्याकडे मात्र ती रेडिओच्या पोटातून आली. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८चं. राज्याचं वीज मंडळ १९६०चं. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि साठच्या दशकात तिचे देशी व्हॉल्व्ह बाजारात येऊ लागले. रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे, हे आजच्या मुलांना खरंसुद्धा वाटत नाही.

व्हॉल्व्हच्या काळात बिघाड पुष्कळदा डोळ्यांना दिसायचा. मागची फळी काढली की तांबूस उजेड दिसे. ज्यात उजेड नाही तो व्हॉल्व्ह गेला. आपल्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण. मात्र आत अडीचशे व्होल्ट आणि त्याहून जास्त खेळत असत, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवत. म्हणून जुने मिस्त्री एक हात खिशात ठेवून काम करायचे. यात ऐट नव्हती, दोन्ही हातांमधून छातीतून करंट जाऊ नये एवढीच काळजी होती.

डिसेंबर १९४७मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. आपल्या घरांत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. आधी एसी १२८सारखे जर्मेनियमचे, मग टूएन ३०५५ हा धातूच्या टोपीचा सिलिकॉनचा. त्यात उजेड नाही. चांगला आणि मेलेला दोन्ही सारखेच दिसतात. इथे प्रत्यक्ष संपलं आणि मिस्त्रीला विचार करणं भाग पडलं.

आमच्या घरच्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचंच उदाहरण घेऊ. त्यातून घूं असा सलग आवाज यायचा, ज्याला मिस्त्री 'हम' म्हणतात. मिस्त्रीने आधी व्हॉल्यूम शून्यावर आणला. घूं तसाच. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे नाही. अर्धा डबा एका चिमटीत निर्दोष सुटला. मग त्याने आवाजाची जात ओळखली. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची. डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर तिचे १०० ठोके होतात. पन्नासचा जाड घुमारा असेल तर बहुधा अर्थिंग किंवा वायरीची जाळी. शंभरचा असेल तर पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर. हा शंभरचा होता. कंडेन्सरचं डोकं फुगलेलं निघालं. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि दर १० अंशांना अशा कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे.

वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात याचा दाखला आहे. नदी दुथडी भरून वेगाने वाहताना दिसली की वर पाऊस झाला हे कळतं. वाघाडीच्या काठावर राहणाऱ्याला हे पोथीतून शिकावं लागत नाही. त्याच ठिकाणी शेषवत् अनुमानाचा दुसरा अर्थही दिला आहे: एकेक शक्यता वगळत जायचं, उरेल ते खरं. आणि तिथलं उदाहरण कशाचं आहे? आवाजाचं! शब्द म्हणजे ध्वनी हे द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून तो गुण. आमच्या मिस्त्रीने हे वाचलेलं नव्हतं.

पुढे एक बाजू मुकी झाली तेव्हा त्याने डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. मुकेपण वायरीबरोबर दुसऱ्या स्पीकरवर गेलं, म्हणजे स्पीकर निर्दोष, दोष डब्यात. अन्वय-व्यतिरेकाला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

नंतर आयसी आले. सान्योचा एलए ४४४० तर गावोगाव पोचला. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे भारनियमनातही गाणं थांबत नसे. पण त्याच्या आत कोणी जाऊ शकत नाही. पाठीवर छापलेला नंबर हेच वचन, आणि त्यावर विश्वास हे शब्दप्रमाण. नैयायिक अट घालतात की वक्ता आप्त, म्हणजे विश्वासार्ह असला पाहिजे. नकली आयसीच्या बाजारात ती अट पहिल्यांदा मोडते.

जुनं ते सोनं असं आम्ही म्हणत नाही. घरोघरचे बरेचसे जुने डबे बसकेच वाजत, आणि आयसीने गाणं गरिबाच्या घरात नेलं. तक्रार वेगळी आहे. आजचा गोंदाने चिकटवलेला स्पीकर उघडताच येत नाही, म्हणजे अनुमानाला जागाच ठेवलेली नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ते बरं झालं. पण हक्क बजावायला मिस्त्री शिल्लक हवा, आणि त्याची पद्धत कोणी लिहून ठेवलेली नाही. ती विचारून उतरवून घेणं हे इतिहासाचंच काम आहे.

तोवर ज्यांच्या माळ्यावर जुना ॲम्प्लिफायर पडून आहे, त्यांनी तो एकदम प्लगला लावू नये. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कंडेन्सरच्या आतला पापुद्रा कमजोर झालेला असतो. मिस्त्रीकडचा सिरीज बोर्ड लावून घ्या, म्हणजे वाटेत शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जाऊ. लख्ख पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बटण बंद करा आणि मग डबा उघडू.