मराठी दूरचित्रवाणीवरील चरित्र अभिनय : दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनाला दीर्घ परंपरा आहे. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासूनचे नाटककार, नाटक मंडळ्या आणि नट यांच्या नोंदी अभ्यासकांनी साक्षेपाने केल्या आहेत. चित्रपटाच्या वाट्यालाही हे भाग्य काही प्रमाणात आले. दूरचित्रवाणीवरील अभिनय मात्र अद्याप आठवणींच्या सदरातच राहिला आहे. वास्तविक गेल्या अर्धशतकात मराठी कुटुंबांनी सर्वाधिक अभिनय पाहिला तो याच माध्यमातून. ही उणीव किती मोठी आहे, हे दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘चरित्र अभिनेता’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. नायकाच्या ठरीव साच्यात न बसणाऱ्या, वय, स्वभाव, बोलण्याची ढब आणि देहबोली यांनी वेगळेपण सिद्ध करणाऱ्या व्यक्तिरेखा साकारणारा नट, असा हा अर्थ होय.

जडणघडण

प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी झाला. विज्ञानाचे उच्च शिक्षण आणि त्यानंतर औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील नोकरी, असा त्यांचा आरंभीचा मार्ग होता. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या मुंबईकर मध्यमवर्गीय रंगकर्मींच्या पिढीचे ते प्रतिनिधी आहेत. रत्नाकर मतकरी यांच्या नाट्यचळवळीत त्यांच्या अभिनयाची पायाभरणी झाली. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात त्यांनी चेटकीण रंगविली, तर ‘आरण्यक’मध्ये ऐन तारुण्यात वृद्ध विदुराची भूमिका केली. स्वतःचे वय आणि प्रसंगी लिंगही बाजूला ठेवून व्यक्तिरेखा उभी करण्याचा हा सराव पुढे दूरचित्रवाणीवर त्यांच्या उपयोगी पडला, असे म्हणता येते.

दूरदर्शन आणि चिमणराव

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यापर्यंत पोहोचले. एकच वाहिनी, मोजके तास, कृष्णधवल चित्र आणि एका संचासमोर जमलेले शेजारी, असे त्या काळाचे स्वरूप होते. या पार्श्वभूमीवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका प्रसारित झाली. प्रभावळकर चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी निर्माण केलेली ही जोडी मराठी वाचकाला चांगलीच परिचित होती. मास्टर विनायक यांच्या चित्रपटांतून दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी तिला पडद्यावर रूप दिले होते. वाचकांच्या मनातला चिमणराव आणि पडद्यावरचा चिमणराव, अशा दोन प्रतिमांना नव्या नटाला सामोरे जायचे होते. दूरचित्रवाणीने त्याला तिसरा पर्याय दिला. कॅमेरा जवळ असल्याने आवाज चढविण्याची गरज नव्हती. चिमणरावाचा भिडस्तपणा, पांडित्याची हौस आणि अडचणीत सापडल्यावर होणारी तारांबळ नजरेतून आणि किंचित अडखळण्यातूनही व्यक्त करता येत होती. शिवाय पात्र ठरावीक दिवशी पुन्हा भेटत असल्याने एकाच प्रवेशात सर्व काही सांगून टाकण्याची घाई नव्हती. परिचय हळूहळू वाढत गेला आणि तिशीतील प्रभावळकर घरोघरी ‘चिमणराव’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

येथे इतिहासलेखनाचा एक प्रश्न उपस्थित होतो. भारतीय दूरचित्रवाणी मालिकांचा इतिहास सामान्यतः ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’पासून सांगितला जातो. प्रायोजित आणि सलग कथानकाच्या राष्ट्रीय मालिकेपुरते ते योग्यच आहे. तथापि, तीच पात्रे आणि तेच कुटुंब घेऊन प्रेक्षकांशी नियमित नाते जोडणारी मालिका मुंबई केंद्राने त्यापूर्वीच मराठीत यशस्वी करून दाखविली होती. दिल्लीकेंद्रित मांडणीत प्रादेशिक केंद्रांचे हे कार्य झाकोळले गेले आहे.

साच्याला नकार

एका भूमिकेची लोकप्रियता नटाला त्याच भूमिकेत जखडून ठेवते, हा दूरचित्रवाणीचा नेहमीचा धोका. प्रभावळकरांनी तो जाणीवपूर्वक टाळलेला दिसतो. ‘साळसूद’ या मालिकेत त्यांनी खलप्रवृत्तीची व्यक्तिरेखा साकारली. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ नाटकात मतिमंद मुलाच्या पित्याची व्यथा त्यांनी मांडली, तर ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात ते स्वतःच बौद्धिक वाढ खुंटलेल्या नंदूच्या भूमिकेत दिसले. एकाच अनुभवाच्या दोन बाजू एकाच नटाने अशा रीतीने साकाराव्यात, ही घटना लक्षणीय आहे. ‘हसवाफसवी’ या स्वलिखित नाटकात तर त्यांनी एकाच प्रयोगात अनेक पात्रे उभी केली. ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचू आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधील महात्मा गांधी ही या विस्ताराची दोन टोके होत. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’ या चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

उपग्रह वाहिन्या आणि टिपरे

१९९९ साली सुरू झालेल्या अल्फा मराठी (पुढे झी मराठी) वाहिनीने मराठी मालिकांचे अर्थकारण बदलले. जाहिरात आणि प्रेक्षकसंख्या यांच्या गणितात भडक कौटुंबिक संघर्षाला महत्त्व येऊ लागले होते. अशा वेळी २००१ मध्ये केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या रोजनिशीवजा लेखनावर ती आधारित होती. स्वतःच्या वयाहून बऱ्याच वयस्क अशा आबांची भूमिका त्यांनी केली. मुलगा, सून आणि नातवंडे यांच्यासोबत राहणारा हा निवृत्त गृहस्थ कुटुंबप्रमुख असूनही हुकूम सोडत नाही, बदलत्या पिढीवर चिडत नाही, मात्र तिच्याकडे बारकाईने पाहतो.

चरित्र अभिनेता सहसा इतरांनी लिहिलेल्या भूमिकांवर अवलंबून असतो. येथे त्याने आपली भूमिका ज्या जगातून येते ते जगच आधी स्वतः लिहून ठेवले होते. चिमणरावाचे घर आणि टिपऱ्यांचे घर यांमध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. या काळात मराठी मध्यमवर्ग कसा बदलला, याचा मागोवा घेऊ पाहणाऱ्या समाजशास्त्राच्या अभ्यासकालाही ही दोन घरे उपयुक्त साधनसामग्री पुरवतील.

साधनांचा प्रश्न

परंतु ही साधनसामग्री मिळवायची कोठून? दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात ध्वनिचित्रफिती महाग असत. त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर रूढ होती. त्यामुळे जुन्या मालिकांचा अभ्यास करताना मूळ संहिता, संबंधित चित्रपट, नियतकालिकांतील परीक्षणे आणि कलावंतांचे आत्मपर लेखन यांवर विसंबावे लागते. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ याच नावाचा १९७९ चा चित्रपट आणि प्रभावळकरांचे ‘एका खेळियाने’ हे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. मौखिक साक्ष हे आणखी एक साधन आहे. पण तेही वेगाने लोपत चालले आहे. रत्नाकर मतकरी २०२० मध्ये निवर्तले, बाळ कर्वे २०२५ मध्ये. कॅमेरामन, संकलक, रंगभूषाकार आणि त्या काळचे प्रेक्षक यांच्या आठवणी तर कोणी विचारलेल्याच नाहीत.

समारोप

२०२५ साली प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या चित्रपटात, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, प्रभावळकरांनी कोकणातील दशावतारी कलावंताची प्रमुख भूमिका केली. या चित्रपटाची प्रत भावी अभ्यासकाला सहज उपलब्ध होईल. त्यांना घराघरांत पोहोचविणाऱ्या पहिल्या मालिकेबाबत तशी खात्री देता येत नाही. एका नटाच्या कारकिर्दीतील ही विसंगती एका संपूर्ण माध्यमाच्या इतिहासाला लागू पडते. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील जुन्या प्रेक्षकांच्या आणि तंत्रज्ञांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, तर या कामाचा आरंभ अल्प खर्चात होऊ शकेल. त्यासाठी हाती असलेला अवधी मात्र फार नाही.