घाटमार्ग व मोटारसायकल

घाटमार्ग व मोटारसायकल : डोंगररांग ओलांडणाऱ्या चढ-उताराच्या वळणदार रस्त्यास मराठीत ‘घाट’ म्हणतात. कोकण व देश यांमधील दळणवळण प्राचीन काळापासून सह्याद्रीतील अशा घाटांवर अवलंबून राहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे (ता. चिपळूण) हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, चिपळूणच्या दक्षिणेस सु. १८ किमी. वर वसलेले आहे. येथून देशावर निघालेला मोटारसायकलस्वार चिपळूणमार्गे कुंभार्ली घाट चढून पाटण व कराड गाठतो. त्याचे वाहन अर्वाचीन असले, तरी त्याचा मार्ग वेगळ्याच वाहनांसाठी आखला गेला होता. घाटातील मोटारसायकलीचा इतिहास समजण्यासाठी ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

प्राचीन व मध्ययुगीन घाट हे प्रामुख्याने ओझ्याच्या बैलांचे मार्ग होते. जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका हिचा इ. स. पू. पहिल्या शतकातील शिलालेख असून त्यावरून या मार्गाचे प्राचीनत्व व महत्त्व स्पष्ट होते. मध्ययुगात वाशिष्ठी नदीच्या मुखावरील दाभोळ हे बहमनी व पुढे आदिलशाही राजवटीतील मोठे बंदर होते. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले. दाभोळचा माल खाडीतून गलबतांनी चिपळूणपर्यंत येई व तेथून बैलांच्या पाठीवरून सह्याद्री चढून कऱ्हाड प्रांतात जाई. लमाण व वंजारी यांचे तांडे हा व्यापार करीत. बैलाच्या पाठीवर माल असल्याने वाट अरुंद व उभ्या चढाची असली तरी चालत असे.

गाडी व तोफ यांनी ही स्थिती पालटली. चाकाला पायऱ्या चढता येत नाहीत. त्यामुळे चढ सौम्य करण्यासाठी रस्त्याची लांबी वाढवून त्यास वळणे देणे भाग पडले. १८०४ मध्ये जनरल वेलस्ली याने बोरघाटात तोफा नेण्याजोगा मार्ग करविला. पुढे १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन मॅल्कम याच्या कारकीर्दीत तेथे घोडागाडीचा रस्ता खुला झाला. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली इ. घाटांतही एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ते झाले. डोंगरी रस्त्यांसाठी आज साधारणतः १ : २० हा चढ प्रमाण मानला जातो.

यूरोपातील आल्प्स पर्वतातही असेच घडले. उत्तर इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीचा (उंची सु. २,७५७ मी.) रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२०–२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून बांधून घेतला. लष्कर व टपालाच्या घोडागाड्या यांसाठी आखलेल्या या रस्त्याच्या ईशान्य उतारावर ४८ तीव्र वळणे आहेत. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोक्नर (१९३५) व फ्रान्समधील ईझरां (१९३७) हे उंच रस्ते मात्र मोटारयुगात आणि पर्यटनाचा हेतू मनात ठेवून बांधले गेले. आल्प्सचे उंच रस्ते हिवाळ्यात बर्फामुळे बंद होतात व उन्हाळ्यात ते हौशी मोटारसायकलस्वारांनी गजबजतात. तेथील घाटप्रवास बहुतांशी छंदाचा आहे. सह्याद्रीत तो बहुतांशी गरजेचा आहे.

भारतात मोटारसायकलींचे उत्पादन स्वातंत्र्योत्तर काळात रुजले. मद्रास येथे १९५५ मध्ये रॉयल एन्फील्डच्या बुलेटची जुळणी सुरू झाली. म्हैसूर येथे १९६१ मध्ये जावा गाड्या तयार होऊ लागल्या व त्यानंतर लवकरच राजदूत बाजारात आली. तथापि कोकणातील सामान्य माणसाचे घाटातील वाहन दीर्घकाळ एस.टी.ची बस हेच होते. १ जून १९४८ रोजी सुरू झालेल्या या सेवेने खेड्यांचे दळणवळण सुलभ केले. मात्र प्रवाशाला वेळापत्रकाने बांधले. १९८४ नंतर जपानी सहकार्याने बनलेल्या, १०० घ. सेंमी. क्षमतेच्या व कमी इंधन लागणाऱ्या गाड्या आल्या आणि शिक्षक, फिरते विक्रेते, छोटे व्यापारी यांच्या हाती स्वतःचे वाहन आले. सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी परतणे त्यांच्या इच्छेवर आले. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात या स्वावलंबनाचे मोल विशेष जाणवले.

घाटात वाहन चढविण्यापेक्षा उतरविणे अधिक कौशल्याचे असते. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून एंजिनाच्या रोधाने वेग आवरावा लागतो. केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होऊ लागतात. जुन्या द्विधाव एंजिनांत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवल्यास पेट्रोलाबरोबर वंगणही तुटे व दट्ट्या अडकण्याचा धोका निर्माण होई. चतुर्धाव एंजिनांच्या प्रसारानंतर ही अडचण राहिली नाही. १२५ घ. सेंमी. वरील नव्या गाड्यांना चाक घसरू न देणारी ब्रेक-यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. आल्प्सच्या उंचीवर हवा विरळ असल्याने एंजिनाची शक्ती सु. एक-चतुर्थांशाने घटते. सह्याद्रीच्या घाटांत ही घट अल्प असते. तेथील खरा विरोधक पाऊस होय. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सु. ७,००० मिमी. पाऊस पडतो. दाट धुके, शेवाळलेला रस्ता व वरून निसटणाऱ्या दरडी यांचा धोका पावसाळाभर असतो.

२२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुराखाली गेले व त्याच सुमारास सह्याद्रीतील अनेक घाट दरडी कोसळून व रस्ते खचून बंद पडले. चारचाकीतील प्रवाशास निदान पत्र्याचा आडोसा असतो. दुचाकीस्वारास तोही नसतो. भारतात २०२२ मध्ये रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी सु. ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्यास वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. तो घाटात रूढ असलेल्या सौजन्याला धरूनच आहे. परंतु वळणावर वाट देण्यासाठी रस्त्याची कड शाबूत असावी लागते.

घाटरस्त्याचे आयुष्य त्याच्या डांबरापेक्षा गटारे, मोऱ्या व कठडे यांवर अधिक अवलंबून असते. डोंगरकडेचे गटार तुंबले, की पाणी रस्त्यावरून वाहते, भराव भिजतो व दरीकडील बाजू खचते. बैलगाडीच्या मंद गतीसाठी आखलेली वळणे आज वेगवान व अवजड वाहतूक सोसत आहेत आणि त्या वाहतुकीत मोटारसायकलस्वार सर्वांत असुरक्षित आहे. पावसाळ्यापूर्वी मोऱ्या उपसणे व ढासळलेला कठडा वेळीच बांधणे, ही कामे दिसण्यास किरकोळ आहेत. सावर्ड्याहून निघालेल्या स्वाराचे सुखरूप परतणे मात्र त्यांवरच अवलंबून असते.