वसईच्या मोहिमेतील धातू आणि मातीच्या चित्रांचे रंग

दिवाळीत मुले मातीचे किल्ले उभारून त्यांवर मावळ्यांची व सरदारांची लहान मातीची चित्रे मांडतात. त्यांच्या अंगावरील चिलखत पुष्कळदा सोनेरी भुकटीने रंगविलेले असते आणि ते कांस्याचे भासते. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेल्या वसईच्या किल्ल्याचा देखावा करावयाचा झाल्यास हा रंग इतिहासाला धरून होईल काय, हा प्रश्न विचारार्ह आहे.

कांस्य म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. त्याचे चिलखत प्राचीन ग्रीक योद्ध्यांच्या अंगी शोभते. मराठी चिलखत मात्र लोखंडी कड्यांचे. पितळी अथवा तांब्याची कडी त्यात क्वचित नक्षीपुरती गुंफीत. तेही सरदारांपुरते. सामान्य शिपायाचे रक्षण कापूस भरून शिवलेल्या बंडीवर व ढालीवर अवलंबून असे. प्रतिपक्षाकडे पाहिले, तर युरोपातील सामान्य पायदळानेही बंदुकीच्या प्रसारानंतर चिलखत बहुतांशी टाकून दिले होते.

मग ह्या युद्धात कांस्य कोठे होते? ते पंचरशी तोफांत आणि चर्चच्या घंटांत होते. तोफेच्या धातूत कथील सुमारे एक दशांश, तर घंटेच्या धातूत सुमारे एक पंचमांश असे; कथील वाढले म्हणजे नाद खुलतो, पण धातू ठिसूळ होतो. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील व मेणवलीच्या घाटावरील घंटा ह्याच मोहिमेतील लुटीपैकी मानल्या जातात.

ह्यावरून चित्रकाराचे काम ठरते. कड्यांच्या चिलखतावर प्रथम काळपट रंग देऊन उंचवट्यांवरून चंदेरी रंगाचा कोरडा कुंचला हलकेच फिरवावा व सांध्यांत गेरूची छटा द्यावी. सोनेरी भुकटी तोफेसाठी राखावी. तीही गडद तपकिरी थरावर, झिजलेल्या कडांपुरतीच. समुद्राकाठच्या हवेत कांस्यावर हिरवट थर चढतो. तो खाचांतच दाखवावा.

हा केवळ रंगाचा प्रश्न नव्हे. सुवर्णवर्णी सेना पाहणाऱ्या मुलाला विजय धातूच्या कवचाने मिळाला असे वाटते. वस्तुतः तटाखाली सुरुंग पेरणारे आणि पडलेल्या खिंडारांवर चालून जाणारे बहुतेक लोक सुती वस्त्रांत होते, आणि विजयाची किंमत त्यांनीच प्राणांनी मोजली.