एक जूनची माणसं

31 मे 2024 ला पप्पा रिटायर झाले. ऑफिसच्या हॉलमध्ये त्या दिवशी एकट्या पप्पांचा सत्कार नव्हता, सात जणांचा होता. सात खुर्च्या, सात शाली, सात नारळ. भाषण करणारे साहेब म्हणाले, "आजच्या सर्व सत्कारमूर्तींना उद्याच्या वाढदिवसाच्याही शुभेच्छा!" आणि सगळा हॉल हसला. सातही जणांची जन्मतारीख 1 जून होती.

तुमच्या घरातही एक जूनचं माणूस असणार. त्या दिवशी फॅमिली ग्रुप उघडला की काका, मामा, शेजारचे आप्पा, सगळ्यांना केकचे इमोजी जात असतात. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे महाराष्ट्रात दर 31 मेला ऑफिसांमधल्या खुर्च्या धडाधड रिकाम्या होतात.

आमच्या पप्पांचा खरा जन्म 20 डिसेंबर 1967 चा. हे कुठल्या कागदावर नाही, पण आजीला पक्कं ठाऊक आहे. 11 डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, कुंडलमधली माणसं थंडीत अंगणात झोपायला लागली, आणि "नवव्या दिशी तुझा बा झाला बघ, बाजंवर, गोठ्याम्होरं." स्वतः आजी शेणोलीला रेल्वे लुटली त्या सालातली. ती लूट 7 जून 1943 ची, प्रतिसरकारच्या लोकांनी केलेली, आणि त्यात कुंडलचे जी. डी. बापू लाड होते. गावात अजूनही वय असंच मोजणारी माणसं आहेत: दुष्काळाच्या आधीचा, गांधीवधानंतरची. आधारकार्डवर आजीची तारीख 1 जानेवारी आहे. ते वाचून दाखवलं की ती हात झटकते.

म्हणजे पप्पा कागदावर 1 जून 1966 चे आणि आजीच्या हिशोबाने डिसेंबर 1967 चे. राज्य सरकारच्या नोकरीत त्यांना 58 व्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं. खरी तारीख लागली असती तर 31 डिसेंबर 2025 पर्यंत पगार मिळाला असता. एकोणीस महिने. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांची फी त्यात निघाली असती, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांनी मोजलेलं आहे. जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. तेव्हा पप्पांना निवृत्ती दिसतच नव्हती. पंचविशीत कुणाला दिसते?

मी या तारखेच्या मागे लागलो तो सत्कारानंतर. ती आली कुठून?

आली शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. नाव घालायला आई किंवा आजा पोराला घेऊन यायचा, तारीख कुणालाच माहीत नसायची. मग गुरुजी पोराला उभं करायचे आणि सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. धरता आला तर सहा वर्षांचा. यात थोडं शास्त्रही आहे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि हात आखूड, सहाच्या आसपास हात पुरेसे लांब होतात. ही युक्ती फक्त आपलीच नाही. फिलिपिन्समध्येही ती होती, आणि जर्मन भाषेत या मापाला त्या देशाचंच नाव आहे. कान धरला की गुरुजी चालू सालातून सहा वजा करायचे. शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून महिना जून. दिवस कुठला? पहिला. झालं, पोराचा दुसरा जन्म झाला.

पण सहाच का? हे शोधताना मला सगळ्यात जास्त गंमत वाटली, कारण प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. तिथे मुलांना सक्ती सातव्या वर्षापासून बारापर्यंत, मुलींना सात ते दहा. आमच्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्ती आणली, पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडलं ते 6 ते 10 वयाच्या मुलांसाठी. दुसऱ्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी ते पडलं. मग 1918 चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला, पुढे 1923 चा, 1947 चा. हे सगळे ब्रिटिश मुलखाचे. कुंडल 1948 पर्यंत औंध संस्थानात होतं, आणि आजोबांना शाळेतलं विचारलं की ते सूर्यनमस्कारच सांगायचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे भक्त होते आणि शाळेत ते घालावेच लागत. आजोबा शाळेत कितव्या वर्षी गेले? "जायला लागलो तवा गेलो." त्या काळी पहिलीच्या आधी बिगरी असायची, तिथे शेंबडी पोरंही खपून जायची.

इंग्लंडचा आकडा पाच. माझा चुलतभाऊ तिकडे नोकरीला आहे. त्याचा पोरगा 20 ऑगस्टचा. चार वर्षं पूर्ण होऊन पंधरवडा झाला नाही तोवर सप्टेंबरमध्ये तो युनिफॉर्म घालून रिसेप्शनच्या वर्गात गेला. फोटो बघून काकू रडली, "एवढंसं लेकरू." खरं तर तिथला कायदा एवढी घाई करत नाही. सक्ती लागते ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून, आणि एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाचे आईबाप त्याला वर्षभर उशिरा घालायची विनंती करू शकतात. पण वर्गातली बाकीची पोरं चौथ्या वर्षी जातात, म्हणून सगळेच जातात.

आता हे पाच कुठून आलं? तिथे 1870 च्या कायद्याने स्थानिक शाळा मंडळांना पाच वर्षांपासून सक्ती करायची मुभा दिली, आणि 1880 मध्ये पाच ते दहा ही सक्ती सगळीकडे झाली. लहान मुलाच्या मेंदूचा वगैरे विचार त्यात फारसा नव्हता. पोरं रस्त्यावर, गलिच्छ वस्तीत हिंडू नयेत हा एक विचार. दुसरा असा की लवकर सुरू केलं की लवकर संपेल, आणि दहाव्या वर्षी पोरगं गिरणीला मोकळं. हे वाचल्यावर मला आमचे सगळे आकडे नव्याने दिसायला लागले. घरादाराला, शेताला, गिरणीला पोराचे हात कधी लागतात आणि कधी ते नुसतंच पायात येतं, यावरून हे वय ठरलेलं दिसतं. पोराला कधी शिकता येतं हा प्रश्न कागदावर फार उशिरा आला.

आमच्या घरातही तेच झालं. हे मला आत्याने सांगितलं.

साल 1972. पाऊस गेला, ज्वारी वाळली. कृष्णाकाठ लांब नाही, पण आमचं रान डोंगराकडचं, कोरडवाहू. आजी-आजोबा दोघंही दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला जायला लागले. आत्या तिसरीत होती. पप्पांना पाच पूर्ण व्हायलाही महिना-दीड महिना बाकी होता. त्यांना सांभाळणार कोण? अंगणवाडी योजना यायला अजून तीन वर्षं होती, ती 2 ऑक्टोबर 1975 ची. तारा मोडकांनी बोर्डीला 1945 पासून बालवाडी चालवून दाखवली होती, पण बोर्डी कुठे आणि कुंडल कुठे. उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं: पोरीला शाळेतून काढायचं आणि भावाजवळ बसवायचं. आत्याच्या दोन मैत्रिणी अशाच घरी बसल्या होत्या.

आजीने दिवाळीनंतर भलतंच केलं. पप्पांना घेऊन ती शाळेत गेली आणि म्हणाली, "ह्याला बी बसवा." गुरुजींनी कान धरायला सांगितलं. हात पुरेना. आत्या सांगते, बोटं कानाच्या वरच थांबली. गुरुजींनी एकदा आजीच्या हाताकडे बघितलं, खडीने सोललेल्या, आणि पप्पांना म्हणाले, "मान जरा कलती कर की." मान कलली. कान सापडला. रजिस्टरमध्ये पडलं: 1 जून 1966.

नियम मोडला का? मोडला. इंग्लंडात असते तर पप्पा तेव्हा अगदी नियमात बसले असते, बडोद्याच्या कायद्याने दोन वर्षं आधी ठरले असते.

आज असं करायची सोय नाही, आणि गरजही तशी राहिलेली नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून आहे, वय 6 ते 14, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनची तीन वर्षं शिक्षणात धरली, पण पहिलीला सहाच. राज्याने 2020 मध्ये वय मोजायची तारीख 31 डिसेंबर ठरवली. माझ्या बहिणीची पोरगी 4 जानेवारीची. चार दिवसांनी तिचं वर्ष जातं म्हणून बहीण डोकं धरून बसली आहे. मी तिला म्हटलं, जाऊ दे, निवृत्ती तरी उशिरा होईल. तिला ते आवडलं नाही. तिकडे कारखान्याच्या ऊसतोड टोळ्यांसोबत मराठवाड्यातून आलेली पोरं दिवाळीनंतर कोपीजवळ दिसतात. मोठी बहीण कडेवर धाकटं घेऊन उभी असते. तिच्याकडे जन्मदाखला असतोही, पण कडेवरचं उतरवायला जागा नसते.

आत्या सातवी झाली. पुढे लग्न झालं, आणि त्या सातवीवर ती सासरच्या गावात अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. पप्पांच्या सत्काराला ती आली होती. रात्री जेवताना पुन्हा तो एकोणीस महिन्यांचा विषय निघाला. भावाने मोबाइलवर रक्कम काढली, महागाई भत्त्यासकट. पप्पा काही बोलले नाहीत. आत्याने भाकरी मोडली आणि म्हणाली, "ती काय मी दीत न्हाई हां. मान तू वाकडी केलतीस."

पप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.